आंबणे, वाढणे आणि सामू : द्रव माध्यमातील कवकवाढीचे आम्लतेवरून होणारे वाचन

मराठीतील 'आंबणे' हे क्रियापद एकाच वेळी दोन गोष्टी सांगते. डोशाचे पीठ आंबले, याचा एक अर्थ त्यात काही सजीव वाढले असा होतो आणि दुसरा अर्थ ते आंबट झाले असा. बोलणाऱ्याच्या मनात हे दोन अर्थ वेगळे नसतात. आंबटपणा ही वाढीची खूण, आणि खूण हीच घटना, असे हे क्रियापद गृहीत धरते. प्रयोगशाळेत द्रव माध्यमात वाढवलेल्या कवकाची वाढ आम्लतेतील बदलावरून अजमावण्याची जी पद्धत आहे, तीही याच गृहीतावर उभी असावी असे वरवर पाहता वाटते. वस्तुतः हे गृहीत कोठे टिकते आणि कोठे मोडते, याचे भान ठेवूनच ती पद्धत वापरावी लागते. खुणेवरून घटनेकडे जाण्याचा हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. आणि विज्ञानविषयक मजकूर एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेणाऱ्याला तर तो टाळताच येत नाही.

मैसूरहून हुणसूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर हिनकल हे गाव आहे. शहर पसरत पसरत आता त्याला येऊन भिडले आहे. याच रस्त्यावर शहराच्या बाजूला मैसूर विद्यापीठाचा मानसगंगोत्री परिसर असून १९६९ मध्ये स्थापन झालेली भारतीय भाषा संस्थाही तेथेच आहे. २००८ मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय अनुवाद अभियान या संस्थेकडे सोपवले गेले. ज्ञानग्रंथांचे भारतीय भाषांत, अर्थात मराठीतही, अनुवाद घडवून आणणे हे त्याचे काम. दुसरीकडे, शहरातील चेलुवांबा महालात १९५० पासून केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे आणि किण्वन हा तिच्या संशोधनाचा एक महत्त्वाचा विषय राहिला आहे. शब्दांचे काम करणारी आणि सूक्ष्मजीवांचे काम करणारी अशा दोन संस्था एकाच गावात असल्यामुळे, 'फर्मेंटेशन'ला आपल्या भाषांत काय म्हणावे हा प्रश्न येथे केवळ कोशापुरता राहत नाही.

या एका घटनेला निरनिराळ्या भाषांनी निरनिराळ्या बाजूंनी पाहिले आहे. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी लॅटिन 'फर्व्हेरे', म्हणजे उकळणे, हा धातू आहे. ज्याने हा शब्द योजला त्याने भांड्यात उठणारे बुडबुडे पाहिले; वायू सुटतो, द्रव जाळावाचून उकळल्यासारखा दिसतो. मराठीने जिभेवर भिस्त ठेवली. आंबट, आंबील, आंबोळी, आंबवण ही सारी कुळी एकाच आम्ल-शब्दाची आहे. इतकेच नव्हे, तर श्रमाने थकलेले अंगही मराठीत 'आंबते'. हिनकलच्या घरांतून बोलल्या जाणाऱ्या कन्नडमध्ये पीठ आंबले हे सांगताना 'हुळि', म्हणजे आंबट, हा शब्द येतो. परंतु शास्त्रीय कन्नड लेखनाने 'हुदुगु' या क्रियापदावरून आपली संज्ञा घडवली आहे, आणि तिच्या रूपात आंबटपणाचा मागमूसही नाही. संस्कृतातील 'किण्व' हा शब्द तर वायूही पाहत नाही आणि चवही. तो मद्य तयार करताना घातल्या जाणाऱ्या द्रव्याचे नाव आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात ते द्रव्य कसे करावे हे सांगितले आहे, आणि जड भूतांच्या संयोगातून चैतन्य कसे उद्भवते हे समजावताना चार्वाकमताची मांडणी करणारे ग्रंथ किण्वापासून उत्पन्न होणाऱ्या मदशक्तीचा दृष्टांत देतात. मराठीच्या परिभाषेने 'किण्वन' स्वीकारले ते या परंपरेतून.

विशेष असे की प्रयोगशाळेतही मोजमापाच्या नेमक्या याच तीन वाटा आहेत. सुटणारा वायू मोजता येतो, आम्लता मोजता येते, किंवा प्रत्यक्ष वाढलेल्या द्रव्याचे वजन करता येते. तिन्ही मापे एकाच घटनेविषयी बोलतात. ती नेहमी एकच गोष्ट सांगतात असे मात्र नाही.

याचे सर्वांत जवळचे उदाहरण इडलीच्या पिठाचे. रात्रभर ठेवलेले पीठ सकाळी फुगलेले व आंबट झालेले असते. पाव फुगतो तो यीस्टमुळे, आणि यीस्ट हे एकपेशी कवक. तेव्हा इडलीचे पीठही कवकामुळेच फुगत असावे असा तर्क करणे स्वाभाविक होते. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हे काम मुख्यतः ल्युकोनॉस्टॉक मेसेंटेरॉइडिस या जीवाणूचे असल्याचे दाखवले. हा जीवाणू आम्लही करतो आणि वायूही. म्हणजे ज्या पदार्थाला 'आंबणे' हे क्रियापद चपखल बसते, त्याचा मुख्य कर्ता कवक नाहीच. उलट पावाच्या कणकेत कवक जोमाने काम करीत असते, तेव्हा मराठी माणूस ती 'फुगली' असेच म्हणतो. भाषेने येथे नकळत बरोबर निवड केली आहे.

आता मूळ विषय. कवकाची वाढ सरळ वजन करून का मोजू नये? मोजतातच. पाश्चरचे शिष्य झ्यूल रोलँ यांनी १८६९ च्या सुमारास काळ्या बुरशीवर, म्हणजे ॲस्परजिलस नायजरवर, जे प्रयोग केले त्यांत त्यांनी साखर व क्षारांच्या द्रवावर बुरशी वाढवून तिचे पीक वाळवून तोलले आणि कोणता क्षार वगळला असता पीक किती घटते हे पाहिले. जस्ताची अत्यल्प मात्राही बुरशीला लागते, हे त्यांना याच मार्गाने कळले. परंतु तोलण्यासाठी बुरशी गाळावी, धुवावी, वाळवावी लागते. तोललेले संवर्ध पुढे वाढत नाही. रोजचा हिशेब हवा असेल तर एकसारखे अनेक चंबू एकाच दिवशी पेरून रोज एकाचा बळी द्यावा लागतो. जीवाणूंच्या बाबतीत द्रवाचा गढूळपणा प्रकाशाने मोजून काम भागते. कवकाचे तसे नाही. त्याचे तंतू एकमेकांत गुंततात, कधी त्यांच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या होतात, कधी सारा चंबू लगद्याने भरतो. अशा द्रवातून आरपार गेलेल्या प्रकाशाला काही अर्थ उरत नाही. वजन खरे, पण ते एकदाच मिळते. आम्लता मात्र संवर्धाला धक्का न लावता, वाटेल तितक्या वेळा विचारता येते.

आम्लतेचे आजचे माप १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसेन यांनी सुचवले. ही प्रयोगशाळा बिअर गाळणाऱ्या कारखान्याने स्थापलेली. म्हणजे हे मापही किण्वनाच्याच घरी जन्मले. पाठ्यपुस्तकांतून ते 'पीएच' म्हणून येते, पण माती परीक्षणाचा कागद हातात घेतलेला महाराष्ट्रातील शेतकरी त्याला 'सामू' म्हणतो, आणि कन्नड शेतीविषयक लेखनात त्याला 'रससार' असा शब्द आहे. परिभाषा समित्यांच्या अनेक शब्दांना जे भाग्य लाभले नाही ते या दोन शब्दांना लाभले, याचे कारण त्यांची नड शेतात होती. ७ हा सामू उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर अल्कधर्मी. मोजण्याचे जुने साधन लिटमस. ते रॉसेला या दगडफुलाच्या जातीपासून काढतात. आणि दगडफूल हे कवक आणि शैवाल यांचे एकत्र राहणारे शरीर. गोडा मसाल्यात पडणारे दगडफूल त्याच्याच दूरच्या नात्यातले. आम्लतेविषयीचा पहिला साक्षीदार स्वतः अर्धा कवकच होता, ही गंमत नोंदण्याजोगी आहे. १९३४ मध्ये आर्नल्ड बेकमन यांनी कॅलिफोर्नियातील लिंबूवर्गीय फळांच्या रसाची आम्लता मोजण्यासाठी काच-विद्युदग्राचे उपकरण तयार केले. पुढे अशी विद्युदग्रे थेट किण्वनपात्रात बसवता येऊ लागली आणि आम्लतेचा अखंड आलेख मिळू लागला.

हा आलेख वाचताना पहिली फसगत मापाच्या रचनेतच दडलेली असते. सामूचे आकडे सरळ पायऱ्यांचे नाहीत; प्रत्येक पायरी दसपट आहे. सामू ६ असलेल्या एका लिटर पाण्यात हायड्रोजनचे १ मायक्रोमोल आयन असतात, ५ असता १०, ४ असता १००, ३ असता १०००. म्हणून ६ वरून ५ वर उतरण्यास ९ मायक्रोमोल पुरतात, तर ४ वरून ३ वर उतरण्यास ९०० लागतात. कवकाने दर तासाला सारखेच आम्ल सोडले तरी आलेख आधी कड्यासारखा कोसळतो आणि मग जवळजवळ आडवा होतो. नवशिक्याला वाटते, वाढ थांबली. वाढ चालूच असते. थकलेले असते ते माप. माध्यमात फॉस्फेटासारखे बफर असेल तर याच्या उलट घडते. आलेख सुरुवातीला हलतच नाही, आणि बफरची क्षमता संपताच एकाएकी घसरतो. त्या घसरणीच्या क्षणी कवकाच्या आयुष्यात काही विशेष घडलेले असतेच असे नाही.

पण मुळात कवक वाढले म्हणजे द्रव आम्ल का व्हावा? याचे उत्तर पुष्कळदा ते नायट्रोजन कोणत्या रूपात खाते यावर अवलंबून असते. माध्यमात अमोनियम क्षार असेल, तर अमोनियमचा प्रत्येक धन आयन आत घेताना विद्युतभाराचा तोल राखण्यासाठी कवक सुमारे एक हायड्रोजन आयन बाहेर टाकते. हिशेब करून पाहता येतो. वाळलेल्या बुरशीच्या वजनात नायट्रोजन ७ टक्के आहे असे धरले, तर १ ग्रॅम बुरशीत ०.०७ ग्रॅम, म्हणजे ५ मिलिमोल नायट्रोजन आला. तो सारा अमोनियममधून घेतला असेल तर सुमारे तितकेच हायड्रोजन आयन बाहेर पडले. एका लिटर बफरविरहित द्रवात एवढ्याने सामू सुमारे २.३ पर्यंत खाली येतो. एका लिटरमागे एक ग्रॅम ही काही मोठी वाढ नव्हे. येथे आम्लता ही वाढीची विश्वासू हिशेबनीस आहे, आणि 'आंबणे' या क्रियापदाचे गृहीत पूर्णपणे खरे ठरते.

तेच कवक, तीच साखर, तीच उष्णता ठेवून अमोनियमऐवजी नायट्रेट दिले की चित्र पालटते. नायट्रेटचा ऋण आयन आत घेताना कवक भोवतालचे हायड्रोजन आयनही सोबत ओढून नेते आणि द्रवाचा सामू वर चढतो. बुरशी तितकीच वाढली, द्रवाची आम्लता मात्र घटली. एकच क्रिया, एकच कर्ता, आणि खुणा परस्परविरुद्ध. ज्याला माध्यमाची कृती ठाऊक नाही त्याला केवळ आलेखावरून या दोन चंबूंविषयी काहीही सांगता येणार नाही. संदर्भावाचून खुणेला अर्थ नसतो, हे साहित्यमीमांसेत अनेकदा सिद्धांत म्हणून सांगितले जाते. येथे ते केवळ काचेच्या दोन चंबूंत दिसते.

महाराष्ट्रात या वाचनावर सर्वांत मोठा व्यवहार अवलंबून राहिला तो पिंपरीस. युनिसेफ व जागतिक आरोग्य संघटना यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात १९५५ पासून पेनिसिलिनचे उत्पादन होऊ लागले. पेनिसिलिनच्या किण्वनाची जी पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील पिओरिया येथे घडली, तिच्यात मका भिजवून उरलेले पाणी आटवून केलेला अर्क आणि दुधातील साखर, लॅक्टोज, ही मुख्य सामग्री होती. या माध्यमातील आलेख मराठी क्रियापदाची पूर्ण परीक्षा पाहतो. पेनिसिलियम आधी मक्याच्या अर्कातील लॅक्टिक आम्ल आणि ॲमिनो आम्ले खाते. आम्ल संपते, अमोनिया सुटतो आणि सामू चढत जातो. बुरशीची जोमदार वाढ होते ती याच टप्प्यात. पुढे सामू ७ च्या आसपास स्थिरावतो. वाढ मंदावते, लॅक्टोज सावकाश खर्च होत राहते आणि पेनिसिलिन साठू लागते. शेवटी सामू ८ च्या पलीकडे जातो, तो मात्र मरणाचा टप्पा असतो. उपाशी तंतू स्वतःलाच पचवू लागतात, पुन्हा अमोनिया बाहेर पडतो, आणि त्या अल्कधर्मी द्रवात पेनिसिलिनही टिकत नाही. तेव्हा सामू दोनदा चढतो. पहिली चढण वाढीची, दुसरी विनाशाची. दोहोंचे रासायनिक कारण मात्र अमोनियाच. पात्र रिकामे करण्याची वेळ या दोन चढणींमधील भेद ओळखण्यावर ठरते. आणि मध्येच सामू घसरू लागला, तर पेनिसिलियम 'आंबले' असे कोणी समजत नाही. आम्ल करणारा परका जीवाणू आत शिरला असावा अशी पहिली शंका घेतात. ज्या भाषेत आंबणे म्हणजे काम फत्ते होणे, त्या भाषेच्या माणसाला हे आधी उलटेच वाटावे.

पिंपरीच्या याच संस्थेतील संशोधनाचे नेतृत्व दीर्घकाळ मैसूर प्रांतातून आलेले कवकशास्त्रज्ञ एम. जे. तिरुमलाचार यांच्याकडे होते. त्यांच्या काळात वर्णन केल्या गेलेल्या कवकांना इमेरिसेलॉप्सिस पूनेन्सिस, सेफॅलोस्पोरियम पिंप्रिना अशी नावे मिळाली आणि त्यांच्या द्रव संवर्धांतून अँटिअमीबिन हे द्रव्य हाती आले. पुणे आणि पिंपरी ही नावे लॅटिन प्रत्यय लावून जगाच्या कवकसूचीत गेली, ती मैसूरकडच्या अभ्यासकाच्या हातून. मराठी–कन्नड देवाणघेवाणीच्या इतिहासात या पानाची दखल सहसा घेतली जात नाही.

काळ्या बुरशीची गोष्ट आणखी निराळी. जेम्स करी यांनी १९१७ मध्ये दाखवले की माध्यम आरंभापासूनच बरेच आम्ल, सामू सुमारे २.५ ते ३.५, ठेवले तर ॲस्परजिलस नायजर साखरेपासून भरपूर सायट्रिक आम्ल तयार करते. १९२३ पासून फायझर कंपनीने हीच रीत कारखान्यात वापरली, आणि लिंबाच्या रसावरील जगाचे अवलंबन ओसरू लागले. येथे आम्लाचा पूर येतो तो बुरशी भरभरून वाढत असताना नव्हे, तर मँगेनीजसारख्या घटकांची टंचाई करून तिची वाढ आवरली असताना. खायला साखर मुबलक, पण अंग वाढवण्याची सोय नाही, अशा कोंडीत सापडलेली बुरशी साखरेचे आम्ल करून बाहेर टाकत राहते. अर्थात सर्वांत आंबट द्रव हा सर्वांत जोमदार वाढीचा पुरावा नव्हेच. त्यातच, सामू वर राहिला तर हीच बुरशी सायट्रिकऐवजी ग्लुकॉनिक किंवा ऑक्झॅलिक आम्लाकडे वळते. म्हणजे आम्लता ही केवळ परिणाम राहत नाही, ती पुढच्या परिणामाचे कारण होते.

या सर्व अडचणींवर प्रयोगशाळांनी काढलेला तोडगा साधा पण सूक्ष्म आहे. सामू बदलू द्यायचाच नाही. विद्युदग्राला तो किंचित घसरलेला दिसला की पंप अल्कलीचे थेंब सोडतो आणि सामू पूर्वपदावर आणतो. मग नोंद ठेवायची ती सामूची नव्हे, सोडलेल्या अल्कलीची. अमोनियम-माध्यमात वाढीचा वेग आणि अल्कली खर्च होण्याचा वेग बरोबरीने चालतात. दसपट पायऱ्यांचा घोळ सुटतो, बफरचाही बराचसा सुटतो. अल्कली म्हणून अमोनियाचेच द्रावण वापरले तर कवकाने जितका नायट्रोजन घेतला जवळपास तितकाच पात्रात परत जातो, आणि बाटलीतील घटलेली पातळी हीच वाढीची वही होते. तरीही अधूनमधून एक नमुना काढून, गाळून, वाळवून तोलावा लागतो. तसे न केल्यास किती अल्कलीला किती बुरशी हे प्रमाण ठरत नाही, आणि ते ठरल्यावरही दुसऱ्या माध्यमाला लागू पडत नाही. नमुन्याचा सामू बाहेर काढून मोजायचा असेल तर लगेच मोजावा लागतो. विरघळलेला कार्बन डायऑक्साइड उडून गेला की आकडा सरकतो.

निरीक्षक सामू वाचतो, तसे कवकही तो वाचते. ॲस्परजिलस निडुलान्स या बुरशीवरील अभ्यासांतून, विशेषतः १९९० च्या दशकात आर्स्ट, पेन्याल्व्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून, पॅकसी या नियामक प्रथिनाचे कार्य उलगडले. भोवताल अल्कधर्मी झाला की हे प्रथिन काटछाट होऊन सक्रिय बनते आणि त्या परिस्थितीस अनुकूल जनुकांना चालना देते. पेनिसिलिन घडवण्यातील जनुकही त्यांत येते. पिंपरीच्या पात्रांत सामू ७ च्या जवळ असताना पेनिसिलिन का साठत असे, याचा एक धागा येथे सापडतो. आलेखावरील रेषा ही कवकाने मागे सोडलेली खूणही आहे आणि त्याला मिळालेली सूचनाही.

मानसगंगोत्रीत किंवा अन्यत्र बसून सूक्ष्मजीवशास्त्राचा ग्रंथ मराठीत आणणाऱ्या अनुवादकापुढे यातून एक नेमकी अडचण उभी राहते. मूळ मजकुरात 'संवर्ध आम्ल झाले' एवढेच असेल आणि मराठीत 'संवर्ध आंबले' असे आले, तर वाचकाने वाक्यात नसलेली वाढही वाचलेली असते. नायट्रेट-माध्यमाच्या प्रकरणात तर तो मूळ लेखकाच्या नेमका विरुद्ध अर्थ घेऊन पुढे जातो. उलट, सगळीकडे 'किण्वन' लिहून मोकळे होण्यातही तोटा आहे. इडलीच्या पिठाविषयी लिहिताना 'आंबणे' हाच शास्त्रदृष्ट्या अधिक काटेकोर शब्द ठरतो, कारण तेथे वाढ आणि आम्लता खरोखरच हातात हात घालून चालतात. प्रक्रियेसाठी 'किण्वन', मापासाठी 'सामू', द्रवाच्या स्थितीसाठी 'आम्ल होणे', आणि जेथे तिन्ही एकत्र येतात त्याच ठिकाणी 'आंबणे', अशी वाटणी केल्यास घरातले क्रियापदही टिकते आणि पेनिसिलिनचा चढता आलेखही मराठीत चढताच राहतो.